देठ एका कारखान्याचा, फुलं दुसऱ्याची

खान्देशात बसून जुन्या अमेरिकन नक्षीच्या ग्लासांचा छंद करायचा म्हणजे खरेदी बहुधा फोटोवरूनच. समोरून काढलेला फोटो कुचकामी, नक्षी काचेत हरवते. विकणाऱ्याला सांगा: ग्लासात काळा कागद घाल, दिवा मालव आणि टॉर्च बाजूने धर. मग पाकळी न् पाकळी पांढरी उठते.

ही नक्षी चाकावर कापलेली नसते. पोलादी पत्र्यावर कोरलेलं चित्र मेणकट शाईने पातळ कागदावर घ्यायचे, तो कागद ग्लासाला गुंडाळून शाई काचेवर उतरवायचे, उरलेली काच मेणाने झाकायचे आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लात बुडवायचे. कागद हातानेच लावलेला, त्यामुळे त्याची दोन टोकं जुळतात तिथे कधी वेल तुटते, कधी पान पानावर चढतं. सराफाचं १०एक्स भिंग घेऊन हा सांधा आधी शोधा. नुसत्या एकसारख्या वेटोळ्यांच्या बारीक रेषा असतील, तर ते सुईने मेण ओरखडून केलेलं काम.

खरा घोळ अनोळखी नक्षीत होतो. ग्लासाचा देठ, म्हणजे खालची दांडी, ओळखीचा दिसला की लोक कारखान्याचं नाव ठोकून देतात. केंब्रिज या अमेरिकन कारखान्याच्या ३१२१ क्रमांकाच्या एकाच घाटावर (म्हणजे ग्लासाच्या आकारावर) रोझ पॉइंट ही नक्षी आहे आणि इतर नक्ष्याही आहेत. ओहायोतल्या बार्न्सव्हिलची लोटस कंपनी तर दुसऱ्यांचे कोरे ग्लास विकत घेऊन त्यांवर सजावट करायची. म्हणून घाट आणि नक्षी वहीत वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. हायझी या कारखान्याचा चौकटीतला एच हा शिक्का दिसला नाही म्हणून ग्लास हायझीचा नाही, असंही समजू नका.

जुन्या कॅटलॉगात माप द्रव औंसात असतं. ग्लास काठोकाठ पाण्याने भरून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, रिकाम्याचं वजन वजा करा. २६६ ग्रॅम म्हणजे ९ औंस, २९६ म्हणजे १०. माप जवळपास जुळतंय पण उंची २-३ मिलिमीटर कमी भरली, तर काठ घासून टवका लपवलाय का पाहा. मूळ काठ आगीवर गोल केलेला असतो. घासलेला सपाट लागतो. काठावरून कापूस फिरवला की बारीक टवक्यात धागा अडकतो.

आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने ग्लासावर पांढरट थर चढतो. कपभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूफूल, तासभर भिजवा, मऊ फडक्याने पुसा. सोनेरी कड असेल तर तेवढा भाग पाण्याबाहेर ठेवा. कोरडा झाल्यावरही धुरकटपणा राहिला तर काचच झिजली आहे. पॉलिशने ती चकाकेल, पण नक्षीही जाईल. राख आणि तारेची घासणी तर लांबच ठेवा.

मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतून काढलेल्या ग्लासात लगेच बर्फ टाकलात तर तडा जाऊ शकतो. ठेवताना ग्लास सरळच, काठावर उलटा नको. न्यायला रावेर-यावलकडचे केळीचे खोके उत्तम. फक्त बाजूची भोकं आतून पुठ्ठ्याने बंद करा.