कास कार्ड-मालिका, पावसाळी नोंद: गेंद झाले, सोनकी कापून तयार, अक्षरं अडलेली

दिवाळीसाठी साताऱ्याजवळच्या कास पठारावरच्या फुलांची तीन हातकामाची कार्डं एकत्र चालू आहेत: गेंद, सीतेची आसवे आणि सोनकी. मांडणी तिन्हींची सारखीच. वर भरून आलेलं आभाळ, खाली जांभ्याची सपाटी, पुढ्यात फुलं. साताऱ्यात ऐन पावसाळ्यात हे काम करायचं तर शिक्का, शाई आणि डाय (कागदातून आकार कापणारा धातूचा साचा) यांचा विचार नंतर, आधी कागदात ओल किती आहे ते बघायचं. शाई पसरते, एम्बॉसिंग पावडर (तापवली की वितळून उठावदार होणारी) नको तिथे बसते, डायची कड लव आल्यासारखी निघते, फेविकॉल सुकता सुकत नाही. या चारही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

कागद

बेस, म्हणजे घडीचं मूळ कार्ड, ३०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आयव्हरी कार्डाचा. ए-फोर (२१० × २९७ मिमी) कागदाची लांब बाजू मधोमध कापली की १४८.५ × २१० चे दोन तुकडे मिळतात. २१० च्या बाजूवर १०५ ला घडी घातली की ए-सिक्स कार्ड तयार. असंच कापायचं कारण म्हणजे ग्रेन, कागदातल्या तंतूंची दिशा. पाकिटातून मिळणाऱ्या ए-फोरचा ग्रेन सहसा लांबीच्या दिशेने असतो, आणि या पद्धतीने घडी त्याच दिशेने पडते. तोच ए-फोर उभा चिरून १०५ × २९७ ची पट्टी केली आणि १४८.५ ला मोडली, तर घडी ग्रेनला आडवी येते आणि कडेला पांढरे तडे दिसतात. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमधून मोठ्या शीटची कटिंग्ज आणली असतील तर ग्रेन कुठल्याही दिशेला असू शकतो. तुकडा दोन्ही बाजूंनी हलका वाकवून बघा. ज्या बाजूने तो मुकाट्याने वाकतो, त्या बाजूची घडी चांगली बसते. घडीची रेघ बोन फोल्डरने (घडी पाडायच्या बोथट पट्टीने) किंवा शाई संपलेल्या रिफिलने पाडावी, आणि उमटलेला उंचवटा घडीच्या आत जाईल अशी घडी घालावी.

प्रेसमध्ये स्वस्त मिळतं म्हणून आर्ट कार्ड घेऊ नका. त्यावर कोटिंग असतं. पाण्यात विरघळलेल्या रंगाची (डाय-बेस्ड, इथे कापायच्या डायचा संबंध नाही) शाई आत शिरत नाही, वरच तरंगत राहते आणि दुसऱ्या दिवशीही बोटाला लागते.

पुढचं पॅनल १४२ × ९९ मिमी, म्हणजे चारी बाजूंनी ३ मिमी बेस दिसतो. ते ३०० जीएसएमच्या वॉटरकलर पेपरचं कापलं, गुळगुळीत बाजू वर ठेवून. काम सुरू करण्याआधी प्रत्येक पॅनल दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून, वाफ बंद केलेल्या कोमट इस्त्रीखाली दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा सेकंद दाबायचं आणि लगेच सिलिका जेलच्या (ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या) पुड्या घातलेल्या घट्ट डब्यात टाकायचं. पंख्याखाली कागद पसरून या दिवसांत काहीच साधत नाही, कारण हवाच ओली असते. पुड्यांतल्या दाण्यांचा रंग बदलला की ते पुन्हा तापवून घ्यावे लागतात. त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं नको.

शिक्के

कासच्या फुलांचे तयार स्टॅम्प बाजारात सापडले नाहीत. परदेशी सेटमधली डेझी सोनकीच्या नावाने खपवता येते, पण गेंद आणि आसवे यांना पर्याय नाही. रबरी शिक्के करून देणाऱ्यांकडे आता फोटोपॉलिमरची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकची) मशिनं असतात. त्यांना रेषाचित्राची निव्वळ काळ्या-पांढऱ्यातली फाइल द्यायची, करड्या छटा अजिबात नकोत. चित्र उलटं करायचं काम तेच करतात, आपण उलटून दिलं तर छाप उलटा येतो. रेघ ०.३ मिमीपेक्षा बारीक ठेवू नका, पॉलिमरमध्ये ती दाबाखाली वाकते. लाकडी मूठ किंवा सेल्फ-इंकिंगचा साचा नको, नुसतं पॉलिमर हवं, हे आधीच स्पष्ट सांगायचं. त्याच्या पाठीला कडक फिल्म असते, त्यामुळे आपल्या पारदर्शक क्लिअर स्टॅम्पसारखं ते ॲक्रिलिक ब्लॉकला (शिक्का धरायच्या पारदर्शक ठोकळ्याला) आपोआप चिकटत नाही. पातळ दुहेरी टेप लागते.

नव्या शिक्क्याच्या तोंडावर चिकटसर पापुद्रा असतो, म्हणून पहिल्या छापात शाईचे थेंब गोळा होऊन ठिपके पडतात. पांढऱ्या खोडरबराने तोंड हलकं घासून घेतलं की शाई सपाट बसते. पॉलिमर शिक्का स्टेझऑनसारख्या सॉल्व्हंट शाईत बुडवू नका आणि खिडकीत उन्हाला ठेवू नका. तो पिवळा पडून कडक होतो.

रेखाटताना फुलाची ठेवण सांभाळली पाहिजे. गेंदाचा दांडा सरळ आणि बिनपानांचा, पानांचा झुपका अगदी बुडाशी आणि टोकाला बोंडासारखा पांढरा गोळा. दांड्याला पान काढलं की ते दुसरंच काहीतरी होतं. सीतेची आसवे ही कीटकभक्षी वनस्पती. फूल दोन ओठांचं, वरचा ओठ लहान आणि खालचा पसरट. पाच सारख्या पाकळ्या काढल्या तर कास बघितलेला माणूस लगेच बोट ठेवेल. आणि खरी फुलं दाबून कार्डावर लावायची कल्पना कोणी सुचवली तर ती तिथेच थांबवा. पठारावर फुलं तोडायला बंदी आहे. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला त्यांत कास आहे. आपल्याला त्याचा फोटो पुरतो.

गेंद: क्रम चुकला की पॅनल गेलं

या कार्डावर गेंद पांढरे राहायला हवेत आणि मागे आभाळ गडद. आभाळासाठीच्या डिस्ट्रेस ऑक्साइड शाईवर पांढऱ्या पिगमेंट शाईचा (कागदावर बसणाऱ्या रंगकणांच्या शाईचा) छाप घेतला तर तो निळसर, मळकट दिसतो. पांढऱ्या पावडरचं हीट एम्बॉसिंग हाच चांगला मार्ग, पण ते आभाळाच्या आधी. उलट क्रमाने गेलं तर ऑक्साइडमधला पिगमेंट या हवेत बराच वेळ ओलसर राहतो आणि पावडर सगळ्या आभाळभर चिकटते. ती झटकून निघत नाही. ब्रशने काढायला गेलं की खालचा रंगही उचलला जातो.

डब्यातून काढलेल्या कोरड्या पॅनलवर आधी टाल्कम पावडरची मलमलच्या फडक्यात बांधलेली पुरचुंडी फिरवायची. विकतची अँटी-स्टॅटिक पिशवी हेच काम करते, पुरचुंडीत काही कमी पडत नाही. मग व्हर्सामार्कने (पावडर धरून ठेवणाऱ्या चिकट, बिनरंगी शाईने) गेंदाचा छाप घ्यायचा. पॅडवर शिक्का न आपटता शिक्का उलटा धरून त्यावर पॅड टेकवत जायचं, म्हणजे कडांना शाईची गर्दी होत नाही. छापावर बारीक दाण्याची, डिटेल नावाने मिळणारी पांढरी पावडर ओतायची आणि कागदाच्या पाठीवर टिचकी मारून जादा पावडर घडी घातलेल्या कागदावर घेऊन डबीत परत. इथे घाई नको. तिरप्या उजेडात पॅनल धरलं की छापाबाहेर पडलेले दाणे चमकतात. ते कोरड्या शून्य नंबरच्या ब्रशने एकेक करून उचलायचे. गोळ्याभोवती चार दाणे राहिले तर वितळल्यावर ते चार पांढरे टिंब होऊन बसतात, आणि आभाळ गडद झाल्यावर सगळ्यांच्या नजरेत तेच आधी भरतात.

हीट गन आधी बाजूला धरून तापवून घ्यायची आणि मग चार-पाच सेंटिमीटरवरून छापावर आणायची. पावडर खरखरीत दिसायची थांबून ओली चकाकी आली की तिथून लगेच पुढे सरकायचं. जास्त वेळ रेंगाळलं तर पावडर कागदात जिरते आणि गेंद तेलकट, करडा दिसतो. हेअर ड्रायरने हे होत नाही. त्याची हवा जोराची आणि उष्णता अपुरी, त्यामुळे वितळण्याआधीच पावडर उडून जाते. गरम पॅनल वाकतं, म्हणून कोमट असतानाच एखाद्या जाड पुस्तकाखाली ठेवावं.

आता आभाळ. आधी सपाटीच्या जागी पोस्ट-इटची पट्टी चिकटवायची, तिची वरची कड कात्रीने न कापता हाताने फाडलेली. फाटलेल्या कडेमुळे पठाराची खडबडीत रेघ आपोआप येते. ऑक्साइडच्या छटा अशा: वरून स्टॉर्मी स्काय, त्यात फेडेड जीन्स, क्षितिजाकडे येताना वेदर्ड वूड. ब्लेंडिंग ब्रश कागदाबाहेर मॅटवर सुरू करून गोल गोल फिरवत आत आणायचा. थेट कागदावर टेकवला तर तिथे गोल डाग बसतो आणि तो नंतर झाकत नाही. मग पट्टी काढून वरचा भाग झाकायचा आणि खाली रस्टी हिंज, त्यावर व्हिंटेज फोटो, अगदी बुडाशी ग्राउंड एस्प्रेसो. निळा आणि तांबूस एकमेकांत मिसळले की चिखल होतो, म्हणून दोन्हींमध्ये दोनेक मिलिमीटर पट्टा मोकळा सोडून तिथे पील्ड पेंटची हिरवळ फिरवली.

ब्रशवरून पाण्याचे थेंब उडवून काही सेकंदांनी टिश्यूने टिपले की ऑक्साइड तिथे फिकं होतं आणि पावसाचे शिंतोडे दिसतात. या तंत्रासाठी ऑक्साइडच हवं. साध्या डिस्ट्रेस शाईत शिंतोडे येतात, पण ही दुधट छटा येत नाही.

शेवटी कोरड्या टिश्यूने गेंदांवरचा रंग पुसला की पांढरं लख्ख वर येतं. पुसण्याआधी शाई सुकवायला हीट गन लावायची नाही. पावडर पुन्हा वितळते, वरचा निळा रंग तिच्यात कायमचा शिरतो आणि गेंद राखाडी होतो. आधी पुसा, मग वाट बघा. पॅनल डब्यात सिलिका जेलसोबत रात्रभर ठेवलं की पुरतं.

सीतेची आसवे

इथे दोन थरांचे शिक्के: आधी शेडेड लायलॅक, त्यावर डस्टी कॉन्कॉर्ड. या शाया पारदर्शक आहेत, गडद निळ्यावर जांभळा छाप बुडून जातो. म्हणून या पॅनलवर आभाळ फक्त वरच्या तिसऱ्या भागात, बाकी धुकं, पमिस स्टोनचा पुसट हात फिरवून. मागची फुलं दुसऱ्या छापाची. एकदा शाई लावून पहिला छाप रद्दी कागदावर घ्यायचा आणि दुसरा पॅनलवर. तो आपोआप फिका येतो आणि फूल लांब गेल्यासारखं वाटतं. हे पॅनलही डब्यात राहिलं पाहिजे. ब्लेंडिंग ओलं असताना छाप घेतला तर कडा फुटतात. स्टॅम्पिंग प्लॅटफॉर्मवर (शिक्का एकाच जागी पुन्हा टेकवणाऱ्या बिजागरीच्या पाटीवर) थर बरोबर बसतात, नुसत्या ब्लॉकने दोन थर जुळवणं फार कठीण.

सोनकी आणि डाय

पिवळा रंग निळ्यावर हिरवा पडतो, म्हणून सोनकी छापलीच नाही. १६० जीएसएमच्या पिवळ्या कागदातून दोन मापांच्या छोट्या डायने कापली, मध्यभागी फॉसिलाइज्ड अँबरचा ठिपका दिला आणि पाकळ्या फोमवर ठेवून गोल टोकाच्या काडीने उचलल्या.

डाय मधोमध कापत नसेल तर डाय-कटिंग मशीनला (डाय आणि कागद प्लेटांमध्ये ठेवून रोलरमधून दाबणाऱ्या) दोष देण्याआधी तीन गोष्टी बघा. डाय प्लेटच्या मध्याऐवजी एका बाजूला सरकवा, कारण मध्यात रोलरचा दाब सगळ्यात कमी असतो. तरीही राहिलं तर प्लेटखाली साध्या झेरॉक्स कागदाचा एक तुकडा घाला, फार तर दोन. आणि कागद कोरडा करा. ओले तंतू पात्यासमोर तुटायच्या ऐवजी वाकतात, म्हणून पाकळीच्या टोकांना लव येते. लांब सरळ कडेची डाय तिरपी ठेवावी, म्हणजे सगळी कड एकाच वेळी रोलरखाली येत नाही. प्लेट प्रत्येक वेळी उलटवत राहिलं तर ती धनुष्यासारखी वाकत नाही. नाजूक आकार डायमध्ये अडकत असेल तर डाय आणि कागद यांच्यामध्ये बटर पेपर घाला.

अक्षरं

‘दिवाळीच्या शुभेच्छा’ कटिंग मशीनवर कापायचं चाललंय आणि इथेच काम अडलं आहे. देवनागरीचा फायदा असा की शिरोरेषेमुळे शब्द सहसा एका तुकड्यात निघतो, इंग्रजीसारखी अक्षरं वेचत बसावं लागत नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये वेल्ड (एकमेकांवर येणारे आकार एकच करणं) केलं नाही तर वेलांटी, काना आणि शिरोरेषा एकमेकांवर येतात त्या प्रत्येक जागी पातं आत शिरतं आणि शब्दाचे तुकडे पडतात. ‘अभिनंदन’ किंवा ‘आनंद’ घेतलं तर अनुस्वाराचं टिंब सुटं पडतं. ते खाली ओढून शिरोरेषेला टेकवावं लागतं. आमच्या मजकुरात अनुस्वार नाही, अडचण ‘च्छा’ची आहे. बारीक फाँटमध्ये तिथला सांधा केसासारखा उरतो आणि डाय-कट उचलताना तिथेच तुटतो. बलू हा जाड, गोलाकार फाँट याला चांगला. शब्दाची उंची १५ मिमी ठेवली तर सगळ्यात बारीक जागा १.५ मिमीच्या खाली जाऊ द्यायची नाही. कागद कापण्याआधीच त्याच्या पाठीला दुहेरी चिकट शीट लावली की अक्षरांना गोंद लावत बसावं लागत नाही.

जोडणी आणि वजन

फेविकॉलमधल्या पाण्याने पातळ कागदाला सुरकुती येते आणि या हवेत ती सहज जात नाही. पॅनलला दुहेरी टेप आणि सोनकीच्या फक्त मध्यभागी गोंदाचा एक ठिपका एवढंच. फोम टेप १ मिमीची. २ मिमीवर फुलं छान उठतात, पण टपालाचा शिक्का पाकिटावर पडला की चेपतात.

पाकीट सी-सिक्स, ११४ × १६२ मिमी. देशातल्या टपालात पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, आणि हिशेब तिथेच घट्ट बसतो: ३०० जीएसएमचा बेस ९.३ ग्रॅम, त्याच कागदाचं पॅनल ४.२, शंभर जीएसएमचं पाकीट साधारण ४. अडीच ग्रॅमांत फुलं, अक्षरं, टेप आणि फोम बसवायचा. गेंदाचं कार्ड बसतं. सोनकीचं काठावर आहे, म्हणून त्याचं पॅनल २०० जीएसएमच्या गुळगुळीत कागदाचं कापलं आहे, तिथे दीड ग्रॅम वाचतो. या कागदावर ऑक्साइडचं ब्लेंडिंग लवकर पट्टे दाखवतं. आधी पमिस स्टोनचा एक हलका हात देऊन मग आभाळ चढवलं तर पट्टे जातात का, हे पुढच्या पॅनलवर बघायचं आहे.