आधी रद्द कोण करणार?

शुक्रवार, १३ मार्च २०२०, पुणे

आमच्या युरोपच्या क्रूझसाठी ट्रॅव्हलवाल्याला आज परत फोन केला. "मॅडम, कंपनीकडून काही मेल नाही, १६ मे आत्तातरी कन्फर्म धरा." धरा म्हणे!

जहाज सुटणार रोमजवळच्या चिवितावेक्कियाहून, पुढे मार्से, बार्सिलोना. म्हणजे इटली, फ्रान्स, स्पेन. कोरोनामुळे परवा आपल्या सरकारने सात देशांची यादी काढली, तिच्यात हे तिन्ही आहेत. १५ फेब्रुवारीनंतर तिथे जाऊन आलेल्याला, भारतीय असला तरी, किमान १४ दिवस क्वारंटाइन. सफर सात रात्रींची, कोठडी चौदा दिवसांची! इटली तर सोमवारी रात्रीच अख्खी बंद करायचं ठरलं. काल ट्रम्पसाहेबांनी युरोपातल्या २६ देशांना दारं लावली, ब्रिटन मात्र वगळलं. विषाणू इंग्लिश खाडी ओलांडत नाही असा काही शोध लागला असावा.

खरा घोळ पैशांचा आहे. आपण रद्द केलं तर बुकिंगची रक्कम बुडाली, आणि तारीख जवळ येईल तशी कपात वाढत जाणार. कंपनीने रद्द केलं तर सगळे परत. म्हणून आम्ही कंपनीची वाट बघतोय आणि कंपनी बहुतेक आमची. उरलेले पैसे भरायची मुदत पुढच्या शुक्रवारी संपते. ह्यांनी विम्याचे कागद भिंग घेऊन वाचले: भीतीपोटी प्रवास रद्द केल्यास भरपाई नाही. प्रिन्सेस या क्रूझ कंपनीने कालच आपली सगळी १८ जहाजं दोन महिन्यांसाठी थांबवली, १० मेपर्यंतच्या सफरी रद्द. एवढं वाचून मला चक्क हेवा वाटला त्या प्रवाशांचा. त्यांचं निदान ठरलं तरी.

त्याच कंपनीचं डायमंड प्रिन्सेस फेब्रुवारीत योकोहामाला अडकलं होतं. जहाजावर ३,७११ माणसं, त्यातल्या सातशेहून जास्त जणांना लागण. रोज रात्री बातम्या बघत होते, पण तेव्हा ते जपानमधलं होतं. आता डोक्यात एकच येतं, आमची खोली बिनखिडकीची आहे. नणंदबाई बाल्कनी घेऊ म्हणत होत्या. मीच म्हटलं, झोपायलाच तर जायचं. योकोहामाला बिनखिडकीवाल्यांना पाळीपाळीने डेकवर हवा खायला सोडत होते. आणि प्रवासी खोलीत बसलेले असताना डबे पोचवत कोण फिरत होतं? कर्मचारी. जहाजावरच्या १३८ भारतीयांपैकी १३२ कर्मचारीच होते. त्यांना कोण विचारणार, बाल्कनी हवी का म्हणून?

व्हिसाची तारीख २४ला, मुंबईत. फी २ फेब्रुवारीपासून ६० युरोची ८० झाली आहे, आणि ती परत मिळत नाही. चार माणसांचे किती होतात ते ह्यांनी मोजले आणि कॅल्क्युलेटर उलटा ठेवून दिला. नणंदबाईंचा उत्साह मात्र अजून टिकून आहे. गाला नाइटला नेसायच्या पैठणीला फॉल लावून झाला, कालच घेऊन आल्या दाखवायला. काय बोलणार? छान आहे म्हटलं. आहेच छान.

बरं, हे सगळं युरोपचंच चाललंय असंही राहिलं नाही. सोमवारी ऐन होळीला पुण्यातच दोघं सापडले, दुबईहून आलेले, आता नायडू हॉस्पिटलमध्ये आहेत. आज मुख्यमंत्र्यांनी थिएटर, जिम, पोहण्याचे तलाव बंद करायला सांगितलं. पुणे-पिंपरीतल्या शाळाही बंद. इतके दिवस आम्ही तिकडे जावं की नाही याचा खल करत होतो. पुण्याहून आलेल्यांना ते बंदरात उतरू देतील का, हा प्रश्न आज पहिल्यांदा ह्यांनी काढला. यावर नणंदबाईही फोनवर गप्प झाल्या.

रविवारी सगळे आमच्याकडे जमतोय. मुदत वाढवून द्या असा मेल आत्ता लिहून ठेवलाय, ट्रॅव्हलवाल्याला आणि कंपनीलाही. तोवर एफडी मोडायची नाही, आणि 'रद्द' हा शब्द आमच्या बाजूने कुणी लेखी द्यायचा नाही, एवढं मी सगळ्यांना बजावलंय.