अठरा झाले, आता निघा

स्पेनमध्ये आईबापांशिवाय एकट्याने येऊन पोचलेल्या परदेशी मुलांबद्दल हल्ली बरंच वाचतेय. जास्त करून मोरोक्कोची पोरं, शिवाय सेनेगल, मालीकडची, कुणी सेउता-मेलियाचं (ही आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची, मोरोक्कोला लागून असलेली स्पेनची दोन शहरं) कुंपण ओलांडून येतं तर कुणी बोटीने अटलांटिकमधल्या स्पेनच्याच कॅनरी बेटांवर. अठराच्या आतलं कुणी एकटं सापडलं की तिथल्या प्रांताचं सरकारच त्याचं पालक होतं, मग राहायला केंद्र, शाळा, डॉक्टर सगळं सरकारने बघायचं. केंद्रांत गर्दी किती नि हाल किती ते आत्ता सोडा, तो वेगळाच विषय आहे.

पण खरी गंमत, गंमत कसली डोंबलाची, अठरा पूर्ण झाले की सुरू होते. केंद्र सोडायचं. पुढे राहायला काही फ्लॅट असतात, संस्था चालवतात, पण ते सगळ्यांना पुरत नाहीत. आणि माझ्या मते छपरापेक्षाही मोठा घोळ कागदांचा. मूल लहान असताना रेसिडन्स परमिटसाठी अर्ज करायचा कुणी, तर पालकाने, आणि पालक म्हणजे सरकार, तरी कितीतरी पोरं परमिट हातात न पडताच अठराची झाली, म्हणजे वाढदिवसाच्या दिवशी एकदम बेकायदा! ज्यांना परमिट मिळालं त्यांचीही सुटका नव्हती, कारण ते टिकवायचं तर एका टप्प्यावर महिन्याला 2000 युरोंच्या वर उत्पन्न दाखवा म्हणायचे, तेव्हा तिथला किमान पगारच 950 युरो होता, आणि वर त्या परमिटवर काम करायला परवानगी नाही. आता काम न करता पैसे आणायचे कुठून, हे नियम लिहिणाऱ्याला कुणी विचारलं होतं की नाही देव जाणे.

ऑक्टोबर 2021 मध्ये हे बदललं. 16 वर्षांपासून काम करायची मुभा, केंद्रात आल्यावर 90 दिवसांत परमिटची प्रक्रिया सुरू करायची (आधी 9 महिने थांबायचे), आणि अठरानंतरची उत्पन्नाची अट आली साधारण 470 युरोंवर, त्यातही मिळणारी मदत धरता येते. पोरं तीच होती हो, फक्त अट बदलली आणि कित्येकांना सरळ पगाराची नोकरी धरता आली. इटलीने तर 2017 च्या कायद्यात ज्याला गरज आहे त्याला कोर्टाच्या आदेशाने 21 पर्यंत आधार द्यायची सोय केलीय, ती मला जास्त शहाणपणाची वाटते.

स्पेनचे नवे नियम चांगलेच आहेत, पण ते लागू व्हायला आधी तुम्ही अठराच्या आतले ठरायला पाहिजे ना. कागद नसतील किंवा त्यांवर संशय असेल तर मनगटाचा एक्सरे काढतात आणि हाडांवरून वय काढतात, ज्या नमुन्यांशी ती हाडं ताडून बघतात ते 1930 च्या दशकातल्या अमेरिकेतल्या खात्यापित्या घरच्या गोऱ्या मुलांचे, आणि अशा अंदाजात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे सहज होतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने यावरून स्पेनला अनेकदा सुनावलंय. तरी सोळा-सतराचं पोर एक्सरेत अठराचं निघालं की केंद्र, पालक, परमिट, सगळ्यातूनच बाद.