हात बिघडला का रे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. एरवी मी या प्रश्नावर हसतो आणि चहा घेणार का म्हणून विचारतो. पण यंदा गणपतीत चार घरी गेलो आणि चारही घरी तेच ऐकलं: ‘कॉलेजात जायच्या आधी काय हुबेहूब काढायचास! आता हे असं वाकडंतिकडं का? तिथं जाऊन हात बिघडला का रे?’ मामा विचारतात. शाळेतल्या बाई विचारतात. ज्यांच्या बैठकीत मी नववीत काढलेले शिवाजी महाराज अजून आहेत, ते तर भिंतीकडे बोट दाखवूनच विचारतात.

तर आधी ते हुबेहूब म्हणजे काय होतं ते ऐका. फोटोवर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, कागदावर त्याच मोठ्या करून आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं. मग सिक्स-बीनं काळं करायचं आणि वरून कापूस फिरवायचा. कापूस फिरवला की सगळं गुळगुळीत होतं आणि लोक ‘वा’ म्हणतात. एवढंच होतं ते. एकदा गल्लीतल्या एका आजोबांचा जुना फोटो आला, त्याला मधोमध घडी पडलेली. मी ती घडी कपाळावर व्यवस्थित उतरवली, शेडिंगसकट. त्यांच्या सुनेनं नंतर सासूबाईंना विचारलं म्हणे, बाबांना कपाळाला कधी लागलं होतं? आणि तेव्हा मला यात काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही. चौकटीत रेघ होती, मी रेघ काढली.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट दोन्हीला ए ग्रेड. त्या जोरावर चित्रकलेच्या कॉलेजात फाउंडेशनला गेलो. पहिल्या आठवड्यात सरांनी समोर ठेवलं काय, तर एक पेला, एक वीट आणि मागं टांगलेलं फडकं. मी मनातल्या मनात हसलो. महाराज काढणाऱ्याला पेला!

पेल्याचं तोंड गोल असतं हे मला माहीत होतं, म्हणून मी ते चांगलं गोल काढलं. तळ टेबलावर सपाट टेकतो हेही माहीत होतं, म्हणून खाली सरळ रेघ मारली. सर आले, मला उठवून माझ्या जागेवर बसले, एक डोळा मिटला. म्हणाले, ‘तोंड वरून बघितलंयस आणि तळ समोरून. एका वेळी दोन ठिकाणी बसतोस का?’ वर्ग हसला. पण मला ते खरंच त्या दिवसापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. गोल वस्तू बरोबर डोळ्यांच्या पातळीला धरली की तिचं तोंड नुसती रेघ दिसतं. ती जितकी खाली न्याल तितकं ते उघडत जातं. म्हणजे टेबलावरच्या पेल्याचा तळ तोंडापेक्षा जास्त गोलावलेला काढायचा. घरी जाऊन स्वयंपाकघरातली सगळी पातेली मी वरखाली करून पाहिली. आईला वाटलं, झुरळ शोधतोय. त्यानंतर दोन महिने माझी लंबवर्तुळं कडेला टोकदार यायची, पापलेटासारखी. लंबवर्तुळाला टोक नसतं, ते कडेलाही वळतच जातं, हे समजायला एक मिनिट लागतं आणि हाताला यायला एक पावसाळा.

मापायला शिकवलं तेही असंच. हात ताठ लांब करायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिलीवर अंगठा सरकवून एका वस्तूचं माप धरायचं आणि बाकी सगळं त्याच्या पटीत मोजायचं. लोकांना हे नाटक वाटतं. पण आपण नाशिककर पूर कसा मोजतो? गोदेतल्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला लागलं, कमरेला आलं, छातीपर्यंत गेलं. किती क्युसेक ते धरणवाले सांगतील, आपलं माप मारुती. तेच पेन्सिलीचं.

मग स्केचिंग. सीबीएसवर, म्हणजे आपल्या एसटी स्टँडवर, जाऊन बसायचं, रोज पन्नास स्केचेस, खोडरबर घरी ठेवून. बाकावरच्या माणसाची एसटी केव्हा लागेल सांगता येत नाही, त्यामुळे आधी नाकडोळे काढत बसलात तर पिंपळगावची गाडी येते आणि कागदावर नुसते डोळे उरतात. म्हणून आधी पाठीचा बाक, मान कुठं झुकली, वजन कोणत्या पायावर आहे. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी दुसरी मारायची. तुम्ही ज्याला वाकडंतिकडं म्हणता ते हे. ते न जमल्यामुळे आलेलं नाही, मुद्दाम शिकलोय. शिवाजी तुपे यांच्या जलरंगातला घाट तुम्हाला आवडतो ना? मग तिथल्या माणसांचं नाक बरोबर आलंय का, असं जवळ जाऊन तपासता का?

(दुसऱ्या बाजूनं धीर देणारेही असतात. ‘अरे, आपले त्र्यंबकचे दादासाहेब फाळकेही मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टला गेले होते, १८८५ साली.’ गेले होते, काका. पण ते पुढं सिनेमा काढणारे झाले. हा धीर आहे की सूचना, मला कळत नाही.)

इथपर्यंत मी कुणाशीही भांडू शकतो. खरी अडचण पुढं आहे, आणि हा प्रश्न पहिल्यांदा कुठं विचारला गेला हे मामांना आठवत नसलं तरी मला आठवतं.

माझे काका नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. ते गेले त्याला वर्ष होत आलं होतं आणि मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. काकूनं मला जेलरोडच्या घरी बोलावलं आणि हातात त्यांचं जुनं ओळखपत्र ठेवलं. ‘वर्षश्राद्धाला लावायचंय. याच्यावरून काढ. हे आजारपणाच्या आधीचे आहेत.’ शेवटचं वाक्य मला अक्षरशः आठवतं. तेव्हा मी ते फोटोची तारीख सांगितल्यासारखं ऐकलं.

फोटो अंगठ्याएवढा. फ्लॅश थेट तोंडावर मारलेला, त्यामुळे चेहरा पिठासारखा सपाट; नाक आहे हे दोन नाकपुड्यांवरून कळायचं. खांद्यावरून कानापर्यंत गोल शिक्क्याची जांभळी कड. नववीतल्या मला दोन रात्रींचं काम होतं. पण मी आता नववीतला नव्हतो ना. त्या टर्मला आम्हाला प्लॅस्टरचं डोकं होतं, डाव्या हाताला एकच दिवा लावून. कवटी आधी, डोळे डोक्याच्या बरोबर अर्ध्या उंचीवर, गालाचं हाड, त्याखाली वळणारा पृष्ठभाग, सावलीतला परावर्तित उजेड. मला ते नुकतं जमायला लागलं होतं, आणि नुकतं जमायला लागलेलं माणूस कुठंही वापरून बघतो. चौकटी आखणं मला तेव्हा परीक्षेत कॉपी केल्यासारखं वाटायचं. शिवाय फोटोत प्रकाशच नव्हता. मग मी तो दिला. डावीकडून, वरून. अंधारातल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण पडतो ना, रेम्ब्रांटच्या नावानं ओळखला जातो तो, तोसुद्धा ठेवला. हाफ इम्पीरियल कागद, तीन आठवडे, कापूस अजिबात नाही. सरांनी पाहिलं आणि ‘बरं आहे’ म्हणाले. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप.

फ्रेम मांडीवर उभी धरून सिटीलिंकनं जेलरोडला गेलो. काकूनं पदराला हात पुसले, वर्तमानपत्र सोडलं. बराच वेळ पाहिलं. ‘छान काढलंयस रे,’ म्हणाली. मग काचेला न लावता बोट गालासमोर धरलं.

‘इथं ना… हे शेवटचे वाटतात. दवाखान्यातले.’

गालाखालचा तो काळा भाग. प्लॅस्टरच्या डोक्यावर तो बरोबर तिथंच येतो. काकांच्या फोटोत तो नव्हता. काका गोल चेहऱ्याचे, पान खाऊन गाल फुगवणारे. शेवटच्या चार महिन्यांत त्यांचं हाड दिसायला लागलं होतं आणि काकू रोज डबा घेऊन ते बघायला जात होती. मी तिला तेच काढून दिलं, आणि तेही फ्रेम करून.

आता सांगायला नको वाटतं ते सांगतो. मी तिला प्रकाश समजावून सांगायला लागलो. उगमबिंदू कुठं धरलाय, सावली अशी का वळते, फोटो सपाट असल्यामुळे कसा फसवा असतो. ती ‘हं, हं’ करत ऐकत होती. मी थांबल्यावर म्हणाली, ‘जेवून जा.’

वर्षश्राद्धाच्या दिवशी भिंतीवर स्टुडिओतून मोठा करून आणलेला तोच ओळखपत्राचा फोटो होता. शिक्का पुसलेला, मागं निळं आभाळ आणि गळ्यात टाय. काकांनी आयुष्यात टाय लावला नव्हता. ‘अगदी बोलतील असं वाटतंय,’ असं जो तो म्हणत होता, आणि चंदनाच्या हारात ते तसे वाटतही होते. माझी फ्रेम आतल्या खोलीत कपाटामागे होती, तोंड भिंतीकडे. लपवलेली नव्हती. काच फुटू नये म्हणून काकूनं मध्ये जुनी उशी घातली होती. ती उशी मला जास्त लागली. आणि पंगतीत मामांनी, अगदी काळजीनं, तो प्रश्न पहिल्यांदा विचारला.

मग मी नववीतल्या त्या मुलाशी भांडतो. तो म्हणतो, दोन रात्रींत झालं असतं. मी म्हणतो, तू घडी कपाळावर काढणारा. तू तो शिक्कासुद्धा खांद्यावर काढून ठेवला असतास. तो म्हणतो, ठेवला असता. पण गाल तसाच राहिला असता.

याला माझ्याकडे उत्तर नाही. सरांना एकदा सांगितलं हे सगळं. ते म्हणाले, प्लॅस्टरचं डोकं हे कुणाचंच डोकं नसतं, ते शिकायला असतं. बरोबर आहे. पण हे त्यांनी फ्रेम करायच्या आधी सांगायचं होतं की मला आधी कळायला हवं होतं, ते मी अजून ठरवलेलं नाही. दिवस बघून ठरतं.

सध्या मी गाईडं छापणाऱ्यांसाठी आकृत्या काढतो. हृदयाचा उभा छेद, जास्वंदीच्या फुलाचे भाग. खऱ्या हृदयाच्या फोटोत विद्यार्थ्याला काही उमगत नाही, सगळं लालच लाल. चित्रात काय गाळायचं तेच काम असतं, आणि ते मला चांगलं जमतं. चित्रातल्या हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते, हे सांगणारे फोन पालकांकडून येतात. त्यांनाही मी शांतपणे समजावतो. पेला तर आता डोळे मिटून काढीन. त्यामुळे हात बिघडला असं काही माझ्याकडून वदवून घेता येणार नाही तुम्हाला.

ओळखपत्र काकूनं परत मागितलं नाही. माझ्या ड्रॉवरमध्येच आहे. मागच्या दिवाळीत ट्रेसिंग पेपरवर त्याच्या मापाच्या चौकटी आखल्या, पाच-पाच मिलिमीटरच्या, सात आडव्या नऊ उभ्या, ६३. फोटोवर ठेवतो, काका त्या चौकटींतून बघतात, आणि मी कागद उचलून घेतो. कधी कधी कापसाचा बोळाही काढून ठेवलेला असतो बाजूला.