धुनेच्या चार सुरांत दडलेला राग

शास्त्रीय गायक कुमार गंधर्वांविषयी बोलताना ‘त्यांनी घराण्यांची, म्हणजे गायकीच्या परंपरागत शैलींची, चौकट मोडली’ असे अजूनही सहजपणे म्हटले जाते. ते ऐकले की आपण त्यांच्या कामाचा निम्माच भाग पाहत आहोत, असे मला वाटते. १९२४ साली बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे जन्मलेला शिवपुत्र कोमकली हा मुलगा थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्यांचे गाणे हुबेहूब म्हणत असे, आणि त्या बालवयातील गाण्यामुळेच त्याला ‘कुमार गंधर्व’ हे नाव मिळाले. पुढे मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचे रीतसर शिक्षण झाले. अनुकरणाची इतकी सिद्धी लाभलेल्या माणसाने अनुकरण सोडून द्यावे, ही गोष्ट मला बंडापेक्षा अधिक अवघड वाटते.

क्षयरोगामुळे १९४८ मध्ये ते कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवास येथे राहायला गेले. गाणे तर दूरच, बोलण्यावरही बंधन असलेल्या त्या दीर्घ आजारपणात घराबाहेरून येणारी माळवी लोकगीते त्यांच्या कानावर पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी या धुनांचा, म्हणजे लोकगीतांच्या चालींचा, कसून अभ्यास केला, आणि रागांचे मूळ अशा धुनांमध्येच आहे, हा त्यांचा विचार त्यातून दृढ झाला. लोकसंगीत हा शास्त्रीय संगीताचा ओबडधोबड धाकटा भाऊ, ही समजूत त्यामुळे उलटी होते. धून चार-पाच सुरांत फिरते. पण त्या सुरांमधील ये-जा, कुठे थांबायचे आणि कुठून वळायचे याची तिची स्वतःची रीत असते. तिचा स्वभाव न दुखावता तिला विस्ताराची जागा करून देणे, म्हणजे राग घडवणे. अशा रागांना ते धुनउगम राग म्हणत. मालवती, संजारी, सहेली तोडी यांची नावे रसिकांना ठाऊक आहेत. १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांच्या बंदिशी स्वरलिपीसह वाचता येतात.

अशा रागांपैकी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो तो मधसुरजा. माध्यान्हीचा सूर्य माथ्यावर असताना बळी देण्यासाठी नेल्या जाणाऱ्या बकरीची विनवणी त्याच्या बंदिशीत आहे. ख्याल या गायनप्रकाराच्या शब्दांत सासू, नणंद आणि परदेशी गेलेला प्रियकर ऐकण्याची सवय झालेल्या कानाला ही हाक प्रथम ऐकू येते, तेव्हा विषयाचे नवेपण जाणवण्याआधी स्वरच काळजाला लागतो.

धुनेला तिची स्वतःची रीत असते, हे मी एकदा माझ्यापुरते पडताळून पाहिले. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असे. तिच्या एका ओवीची चाल आठवून मी ती पेटीवर वाजवली, तेव्हा सारी चाल षड्जापासून मध्यमापर्यंतच्या चार सुरांत मावली. पंचम लावून पाहिला, तर ओवी लगेच परकी वाटू लागली. गांधारावर थोडे अधिक थांबून पुन्हा षड्जावर आलो, तेव्हा ती परत आजीची झाली. त्या गांधारावर नेमके किती थांबायचे, हे मला अजून साधलेले नाही.