हरणी वाचवा म्हणणं सोपं आहे हो, पण

आमच्या टीममध्ये पेनसिल्व्हेनियातला एक जण आहे, साठीकडे झुकलेला, नोव्हेंबर संपत आला की रजा टाकणार आणि रायफल घेऊन जंगलात गायब होणार. मी आयुष्यात कधी शिकार केलेली नाही, करायचीही नाही, पण त्याच्या गप्पा ऐकायला मजा येते. तर एकदा मीटिंग सुरू व्हायच्या आधी त्याने कॅमेऱ्यासमोर एक जबडा धरला. हरणीचा खालचा जबडा, स्वच्छ धुऊन वाळवलेला. म्हणाला, दाढा बघ. बघितल्या तर पार झिजून गुळगुळीत, वरचं पांढरं कवच नुसतं कडेकडेला उरलेलं आणि मधे तपकिरी रंगाचा रुंद पट्टा. हरीण दीड वर्षाच्या आतलं असेल तर त्याची तिसरी दाढ तीन टोकांची असते, ती दुधाची, ती पडून तिथे दोन टोकांची येते, म्हणजे तिथपर्यंत वय बिनचूक कळतं, पुढे मग सगळा झिजेवरून अंदाज. ही सात-आठ वर्षांची असावी म्हणे. त्याने मारलेली नव्हती, कुणाच्या तरी गाडीखाली आलेली, कारण हा बाबा हरणी मारतच नाही. आजोबांनी मारली नाही, वडिलांनी मारली नाही, म्हणून हाही मारत नाही.

"हिने दहा तरी पाडसं दिली असतील," तो म्हणाला, "आणि हे वन्यजीव खात्याचे लोक डो टॅग हँडबिलासारखे वाटत सुटलेत."

डो टॅग म्हणजे हरणी मारायचा वेगळा परवाना. तिकडे नराचा परवाना वेगळा आणि हा वेगळा, आणि किती द्यायचे ते दर वर्षी एकेका विभागाप्रमाणे ठरतं. त्याचं म्हणणं सरळ होतं, जंगलात हरणं दिसेनाशी झालीत, मग हरणी मारायला बंदी घाला, निदान चार-पाच वर्षं.

खरं सांगू, ऐकल्या ऐकल्या मला पटलं. यात न पटण्यासारखं काय आहे? बियाणंच खाऊन टाकलं तर पेरणार काय. आणि हिशोबही त्याच्याच बाजूने आहे. समजा शंभर नर आणि शंभर माद्या आहेत, त्यातले पन्नास नर मारले तरी पुढच्या वर्षी पाडसं जवळपास तेवढीच होणार कारण एक नर कितीतरी माद्यांना पुरतो. पन्नास माद्या मारल्या तर पाडसं सरळ निम्मी. यात कुठलं रॉकेट सायन्स नाही.

पण मग मला खाज सुटली आणि रात्री वाचत बसले, आणि एका रात्रीचं काम दोन आठवडे चाललं.

आधी हे बघा की हरणी मारू नये हा संस्कार आला कुठून. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आत आली होती. मांस आणि कातडं विकायला वर्षभर शिकार चालायची, कायदा असून नसल्यासारखा. पेनसिल्व्हेनियाने तर बाहेरच्या राज्यांतून हरणं आणून सोडली आणि १९०७ मध्ये हरणी मारायला बंदी घातली. म्हणजे माझ्या सहकाऱ्याच्या आजोबांच्या पिढीने जे पाळलं ते त्या वेळी शंभर टक्के बरोबर होतं, आणि ते चाललंसुद्धा, आज देशभरात साधारण तीन कोटी हरणं आहेत. गंमत अशी की औषध लागू पडलं, पेशंट उठून बसला, तरी गोळ्या चालूच.

कारण वीस वर्षं व्हायच्या आत त्याच पेनसिल्व्हेनियात हिवाळ्यात हरणं उपाशी मरायला लागली. १९२३ मध्ये हरणींची शिकार थोडी उघडली, तरी भागेना, शेवटी १९२८ मध्ये एक सबंध हंगाम नर बंद आणि फक्त शिंगं नसलेली हरणं मारायची असं ठरलं. लोक खवळले. हरणी मारणं म्हणजे बायकांवर हात उचलण्यासारखं आहे असं वाटायचं लोकांना, आणि खरं तर अजूनही वाटतं, फक्त आता कुणी तसं उघड बोलत नाही, हरणं कमी झालीत म्हणतात. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ ला तेच झालं. तिथे आल्डो लिओपोल्ड, म्हणजे वन्यजीव व्यवस्थापनाचे जनकच म्हणा, ते हरणींची शिकार उघडा म्हणत होते. एका हंगामात सव्वा लाखाच्या वर हरणं मारली गेली आणि त्यांच्याविरुद्ध अक्षरशः एक वर्तमानपत्र चालवलं गेलं, नावच मुळी विस्कॉन्सिनची हरणं वाचवा!

बरं, वाढतात तरी किती वेगाने? मला वाटायचं मोठं जनावर आहे, हळूहळू वाढत असेल. मिशिगनमध्ये जॉर्ज रिझर्व्ह म्हणून कुंपण घातलेली जागा आहे, साडेअकराशे एकरांच्या आसपास. तिथे १९२८ मध्ये दोन नर आणि चार माद्या सोडल्या. सहा जनावरं. १९३३ च्या अखेरीस माणसांची रांग लावून हाका करत मोजली तर १६०. मी हे दोनदा वाचलं.

आता खरी मेख. तो शंभर माद्यांचा हिशोब मी वर केला ना, तो बरोबर आहे पण अर्धा आहे. त्यात आपण धरून चाललोय की प्रत्येक मादी दर वर्षी तितकीच पाडसं देणार. तसं नसतं. पोट भरलेली मादी जुळी देते, आणि चारा भरपूर असेल तर त्याच वर्षी जन्मलेली मादीसुद्धा सहा-सात महिन्यांची असताना गाभण राहू शकते. उपाशी मादी एकच देते, ते वजनाला कमी, आणि तिला दूध नाही म्हणून तेही जूनमध्येच जातं. म्हणजे जंगलात तोंडं जास्त झाली की माद्या भरपूर दिसतात आणि पाडसं मात्र दिसत नाहीत. अशा ठिकाणी शिकार बंद केली तर पाडसं वाढणार नाहीत, फक्त काटक्या खाणारी तोंडं वाढतील. जंगलात गेलं की हे डोळ्यांना दिसतं म्हणे, हरणाची मान पोचते तिथपर्यंत सगळी पानं साफ आणि वर एकदम हिरवं, कुणीतरी पट्टी लावून कापल्यासारखी रेघ. खाली फक्त नेचे, कारण ते हरणं सहसा खात नाहीत. झाडांची पुढची पिढी नाहीच, रोपटं वर आलं की खाल्लं.

सगळ्यात मजेशीर मला स्कॉटलंडच्या रम बेटाचं वाटलं. तिथल्या एका भागात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तांबड्या हरणांची शिकार थांबवून नुसता अभ्यास सुरू झाला. माद्या वाढत गेल्या. आणि नर? नर कमी झाले. गर्दीत आणि हिवाळ्याच्या उपासमारीत नर पिल्लं जास्त मरतात, त्यांना वाढायला जास्त खायला लागतं, आणि तरणे नर दुसरीकडे निघून जातात. म्हणजे मोठ्या शिंगांच्या नरासाठी जो शिकारी हरणी वाचवा म्हणतो त्याच्या हातात शेवटी ना नर ना जंगल.

इथपर्यंत आले तेव्हा मी सहकाऱ्याला जरा तोऱ्यातच मेसेज टाकला की बाबा तुझं चुकतंय. त्याचं उत्तर आलं, "वायोमिंगचं वाच."

वाचलं आणि तोंड बंद झालं. २०२२-२३ च्या हिवाळ्यात पश्चिम वायोमिंगमध्ये एवढा बर्फ पडला की रेडिओ कॉलर लावलेल्या म्यूल हरणांतली (तिकडची मोठ्या कानांची जात) त्या वर्षीची जवळपास सगळी पाडसं मेली, मोठ्या माद्याही निम्म्याहून जास्त गेल्या. अशा कळपात वाचलेली प्रत्येक हरणी सोन्याची. तिथे मादीच्या शिकारीवर बंदी नको म्हणणारा माणूस एकतर वेडा नाहीतर परवाने विकणारा. साउथ कॅरोलायनात कायोटी आले, कोल्ह्याचाच मोठा भाऊ म्हणा, तर काही जागी चारांतलं एक पाडससुद्धा धड जगत नव्हतं, तिथल्या संशोधकांनीच सांगितलं की पाडसं अशी जात असतील तर हरणींची शिकार कमी करा, कारण कायोटी मारून फारसा फरक पडत नाही आणि आपल्या हातात असलेली गोष्ट हीच आहे. आणि चिलटांमुळे पसरणारा एक रोग आहे, ईएचडी, उन्हाळा संपता संपता येतो, तापाने फणफणलेली हरणं पाण्याकडे जातात आणि तिथेच मरतात, २०१२ मध्ये बऱ्याच राज्यांत झाला. ज्या तालुक्यात हा येऊन गेला तिथे त्याच वर्षी आधीच छापलेले डो टॅग तसेच विकत बसणं मला तरी माणुसकीला आणि गणिताला दोन्हीला सोडून वाटतं.

मग काय, बंदी हवी की नको? माझं आता असं झालंय की राज्यभर बंदी हा शब्दच मला नको वाटतो, आणि राज्यभर मोकाटसुद्धा. सहकाऱ्याची खरी तक्रार मला तिसऱ्या दिवशी कळली. तो शिकार करतो ती सरकारी जमीन, तिथे कुणीही येतं, हरणं हुशार, पहिल्या दोन दिवसांत ती शेजारच्या खाजगी जमिनीत सरकतात जिथे कुणाला आत सोडत नाहीत. विभाग एकच, मोठाच्या मोठा. त्यात बंगल्यांच्या कॉलन्या आल्या जिथे हरणं अंगणातली झाडं खातात, आणि याचं रिकामं जंगलही आलं. सरासरी काढली की हरणं जास्त, मग टॅग जास्त, आणि टॅगवाले येणार कुठे तर याच्याच जंगलात, कारण बंगलेवाले कुणाला बंदूक घेऊन येऊ देत नाहीत. ही तक्रार मला शंभर टक्के रास्त वाटते. सरकारी जमिनीचे टॅग वेगळे काढा, तिथे कमी करा, खाजगीत वाढवा, दोन-तीन वर्षांनी हरणींची वजनं आणि गाडीखाली आलेल्या माद्यांच्या पोटात किती गर्भ होते ते बघा आणि मग परत ठरवा. हे पोटातलं मोजतात हं खरंच, वसंतात, मलाही वाचताना कसंसंच झालं.

एक बारीक गोष्ट राहिली. डो टॅग म्हणतात पण कागदावर तो शिंगं नसलेल्या हरणाचा टॅग, त्यामुळे पाच-सहा महिन्यांची नर पाडसंही त्यातच मरतात. एकटंच आलेलं छोटं हरीण बऱ्याचदा तेच असतं, मादी बहुतेक वेळा सोबतीने असते. पाडसाचं तोंड आखूड, चौकोनी, मादीचं लांबोडकं. दोन हरणं शेजारी उभी राहीपर्यंत थांबा असं शिकवतात, पण थंडीत बोटं गारठलेली असताना किती जण थांबत असतील देव जाणे.

आणि पाडसं पोरकी होतात त्याचं काय, हा प्रश्न माझा होता. मेच्या शेवटी जन्मलेलं पाडस नोव्हेंबरात दूध सोडून बरेच दिवस झालेले असतात, ते जगतं. उलट एका अभ्यासात आई गेलेले नर घर सोडून फारसे गेलेच नाहीत आणि जास्त जगले, कारण वर्षभराच्या मुलाला घरातून हाकलते ती आईच. हे मी वाचून दाखवलं तर आमचा शिकारी बराच वेळ हसत होता. त्याला तीन मुलगे आहेत.

मागच्या हंगामात त्याने पहिल्यांदा डो टॅग घेतला. मला न सांगता. नंतर कळलं की दिवसभर मचाणावर बसला, दुपारी हरणी आली, मागे दोन पाडसं, अगदी समोर, चाळीस पावलांवर, वीस मिनिटं तिथेच चरत होती. मग काय झालं विचारलं तर म्हणाला वारा फिरला, माझा वास लागून पळाली.

मी हवामान चेक केलं नाही.