स्कॉटिश आडनावांची वही: कथा कुठवर धरायची?

घराण्यांच्या मूळकथा जुन्या कागदांशी ताडून बघायची ही वही. या खेपेला स्टुअर्टांचं पान मिटलं, कॅम्पबेलांचं पुढे सरकलं आणि एल्फिन्स्टनांचं अडलं.

स्टुअर्ट पटकन संपवतो. घराण्याची कथा त्यांना लॉखाबरच्या बॅन्कोपर्यंत नेते. पण हा बॅन्को उगवतो १५२७ साली, हेक्टर बोईसच्या इतिहासात. सनदा दाखवतात तो मूळ पुरुष वॉल्टर फिट्झ अ‍ॅलन. हा १२व्या शतकात स्कॉटलंडचा राजा डेव्हिड पहिला याच्या पदरी आला. त्याचे पूर्वज ब्रिटनीतल्या डोलचे कारभारी. राजाच्या कारभाऱ्याचं, म्हणजे ‘स्टुअर्ड’चं, पद वंशात चालत राहिलं आणि पदाचंच आडनाव झालं, आपल्याकडच्या चिटणिसांसारखं. यावरून वहीत एक नवा रकाना आखलाय: कथा किती जुनी म्हणतात ते राहू दे, ती पहिल्यांदा लिहिली कधी? बरीच भांडणं तिथेच मिटतात.

कॅम्पबेल जास्त रंगतदार. ‘दे कॅम्पो बेलो’ नावाच्या नॉर्मन सरदाराची कथा अजून ठासून सांगितली जाते. पण १२६३च्या राजकोशाच्या हिशेबात आहे तो गिलेस्पिक कॅम्बेल. नावात ‘प’ नाही, त्याआधी ‘दे’ (‘अमुक गावचा’) नाही, म्हणजे हे गावावरून आलेलं नाव दिसत नाही. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं ‘वाकड्या तोंडाचा’ हे टोपणनाव इथे सरळ बसतं. लॅटिनचा साज मागाहून चढवलेला.

म्हणून परंपरा टाकून द्यायची का? मुळीच नाही. गेलिक वंशावळीत कॅम्पबेलांचा पूर्वज कालेन मोर याचा बाप गिलेस्पिक आहे आणि काळाच्या हिशेबाने कागदही त्याच्याशी जुळतो. घराण्याचा प्रमुख आजही ‘मॅक कालेन मोर’ (कालेन मोरचा पुत्र) म्हणवतो. इथवर मी शाई वापरतो. त्याच वंशावळी वर चढत चढत आर्थर राजापर्यंत जातात. तिथे पेन्सिलसुद्धा नको वाटते.

आता एल्फिन्स्टन. मुंबईकरांना हे नाव कॉलेजमुळे आणि प्रभादेवी स्थानकाच्या जुन्या नावामुळे ठाऊक. कॉलेज माउंटस्टुअर्टचं, स्थानक त्याच्या पुतण्याचं, १३व्या लॉर्डचं. एक कथा या घराण्याला जर्मन काउंट हेल्फेनस्टाइनांशी जोडते आणि रॉबर्ट ब्रूसच्या काळात स्कॉटलंडला आणते. ब्रूस गादीवर आला १३०६ला. ईस्ट लोथियनमधल्या एल्फिन्स्टन गावचं नाव लावणारा माणूस १३व्या शतकाच्या मध्याच्या दस्तांतच भेटतो. कथा पडली. तरी माझं काम होत नाही, कारण त्या काळात ‘दे एल्फिन्स्टन’ म्हणजे फक्त त्या गावचा. जमीनदार असेल, त्याचा कारकून असेल, किंवा गाव सोडून गेलेला कोणीही. १२९६च्या रॅगमन रोलमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेतलेल्या स्कॉटिश लोकांच्या यादीत, तर ही अडचण पानोपानी आहे. त्या राजाच्या, एडवर्ड पहिल्याच्या, कारकुनांनी स्कॉटिश नावं फ्रेंच मजकुरात बसवलेली. नाव जुळलं की नातं जुळलं असं समजणाऱ्या वंशावळी पाहिल्या की डोकं फिरतं. जमीन तीच आहे का आणि साक्षीदार तेच आहेत का, एवढं तरी बघा. १०९३ ते १३७१मधल्या माणसांचा ‘पीपल ऑफ मिडीव्हल स्कॉटलंड’ हा विदासंच मोफत आहे.

कागद नाही म्हणजे माणूस नव्हता, असंही नाही. स्कॉटलंडची दप्तरं इंग्रजांनी दोनदा लंडनला नेली, एडवर्डने आणि पुढे क्रॉमवेलने. परत येताना १६६०मध्ये ‘एलिझाबेथ’ जहाज बुडालं आणि त्यातली कागदांनी भरलेली पिंपंच्या पिंपं तळाला गेली. म्हणून ‘खोटं’ आणि ‘अनिर्णित’ असे दोन वेगळे शिक्के ठेवलेत. एल्फिन्स्टनांच्या जर्मन कथेवर पहिला, त्यांच्या खऱ्या मुळावर सध्या दुसरा.

पुढचं पान मॅकग्रेगरांचं, आणि तिथे सगळं उलटं होणार. ९व्या शतकातला राजा केनेथ मॅकअ‍ॅल्पिन याच्यापासूनचा राजवंश ही त्यांची बढाई मी धरणार नाही. पण १६०३मध्ये त्यांच्या नावावरच बंदी आली, मधला काही काळ सोडता ती १७७४पर्यंत टिकली. नाव लावणाऱ्याला मरणाची शिक्षा. लोकांनी ग्रँट, ड्रमंड, अगदी हाडवैरी कॅम्पबेलांचंही नाव लावलं. तेव्हा १७व्या शतकातल्या एखाद्या कॅम्पबेलाच्या घरात ‘आम्ही मूळचे ग्रेगर’ असं सांगत असतील, तर आधी त्यांचं ऐकून घेणार आहे, कागद मग.